एक वार, दोन बाळे: एकविसाव्या आठवड्यापासून पुढचे निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका शासकीय रुग्णालयाच्या प्रसूती विभागातील आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वैद्यकीय घटनाक्रम आणि निर्णय जसे झाले तसेच मांडले आहेत. ज्या मातेचे हे प्रकरण आहे तिला वॉर्डात सगळे ‘ताई’ म्हणत असत, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. दोन्ही बाळांचे लिंग या लेखात कुठेही लिहिलेले नाही, आणि त्याचे कारण पुढे ओघात येईल.

ताईंचे वय २६ वर्षे. पहिली मुलगी चार वर्षांची, प्रसूती नैसर्गिक झालेली. या वेळी दिवस गेले तेही कोणत्याही उपचारांशिवाय. पती दूध संकलन केंद्रावर कामाला, घरी थोडी शेती, चार म्हशी, सासू-सासरे आणि एक धाकटा दीर. गावापासून आमचे रुग्णालय ११० किलोमीटरवर. आशाताईंनी वेळेवर नोंदणी केलेली होती, लोहाच्या गोळ्या चालू होत्या, रक्तदाब आणि साखर व्यवस्थित होती. कागदावर पाहिले तर हयगय झाली असे कुठेच दिसत नव्हते.

सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत जुळी असल्याचे कळले. बाराव्या आठवड्यात दुसरी सोनोग्राफी झाली. दोन्ही गर्भांची मापे वयाप्रमाणे होती आणि अहवालावर ‘जुळी, दोन्ही गर्भ जिवंत’ एवढे लिहिलेले होते. त्यानंतर थेट विसाव्या आठवड्यात व्यंग तपासणारी सोनोग्राफी झाली आणि तिच्यात एक बाळ दुसऱ्यापेक्षा बरेच लहान असल्याचे आढळले. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता ताईंना आमच्याकडे पाठवले. त्या पोहोचल्या तेव्हा गर्भाचे वय २१ आठवडे होते.

बाराव्या ते विसाव्या आठवड्यांमधला हा काळ कोरा गेला, आणि तो का कोरा गेला हे समजल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. जुळ्यांच्या गर्भारपणात पहिला प्रश्न ‘मुले दोन आहेत का’ एवढाच नसतो. ‘वार (गर्भाला आईकडून पोषण पोहोचवणारा अवयव) एक आहे की दोन’ हाही असतो. एकाच बीजाचे दोन भाग होऊन जी जुळी होतात, त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश जुळ्यांची वार सामाईक असते. अशा वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. दोन स्वतंत्र वारा असतील तर महिन्याने एकदा सोनोग्राफी केली तरी सहसा चालते. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी करायची असते. वारेचा प्रकार ओळखण्याची सर्वांत खात्रीची वेळ म्हणजे ११ ते १४ आठवडे. त्या काळात दोन बाळांमधला पडदा वारेला कसा भिडतो ते पाहिले जाते: तो जाड पाचरीसारखा भिडत असेल तर वारा दोन, आणि पातळ रेषेसारखा काटकोनात भिडत असेल तर वार एक.

ताईंच्या पतीने सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणले होते. त्यात बाराव्या आठवड्याची फिल्मही होती. मी ती उजेडासमोर धरली तेव्हा पडद्याची ती पातळ, काटकोनातली रेषा स्पष्ट दिसली. खूण चित्रात होती, पण अहवालात एका ओळीने तिची नोंद नव्हती. त्यामुळे सोळावा आणि अठरावा आठवडा कोणीही न पाहता निघून गेला होता.

एकविसाव्या आठवड्यातील निदान

मोठ्या बाळाचे अंदाजे वजन ४१० ग्रॅम आणि लहान बाळाचे २७० ग्रॅम होते. म्हणजे तफावत ३४ टक्के. २५ टक्क्यांपुढची तफावत गंभीर मानली जाते. लहान बाळाची नाळ वारेच्या कडेला, पडद्यावर जोडलेली होती आणि वारेचा अगदी छोटा हिस्सा त्याच्या वाट्याला आला होता. त्याच्या नाळेतील रोहिणीत हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या काळात वारेकडे रक्त पुढे सरकतच नव्हते, आणि पुन्हापुन्हा पाहिले तरी हेच दिसत होते. २००७ मध्ये बार्सिलोनाचे एदुआर्द ग्राताकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी वर्गवारी मांडली, तिच्यानुसार हा दुसरा प्रकार ठरतो. या प्रकारात लहान बाळाची प्रकृती बहुतांश वेळा पुढे खालावत जाते. दोन्ही बाळांत रचनेचा कोणताही दोष मात्र दिसला नाही.

आलेल्या चिठ्ठीवर ‘एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा आजार’ अशी शंका लिहिलेली होती आणि ताईंच्या पतीने मोबाइलवर लेझर उपचाराबद्दल वाचलेही होते. त्या आजारात एका बाळाभोवती पाणी फार वाढते आणि दुसऱ्याभोवती जवळजवळ संपते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीपासून त्यासाठी लेझर हा प्रमुख उपचार ठरला आहे. इथे मोठ्या बाळाच्या पाण्याची खोली साडेपाच सेंटिमीटर आणि लहान बाळाची अडीचच्या आसपास होती, म्हणजे आजार तो नव्हता. हा फरक कुटुंबाला समजावायला बराच वेळ लागला, कारण ज्या उपचाराच्या आशेवर ते आले होते तोच उपचार इथे कमी लाभाचा होता.

या स्थितीतली सर्वांत अवघड गोष्ट अशी की, जोडलेल्या रक्तवाहिन्या दोन्ही दिशांनी काम करतात. लहान बाळाची स्वतःची वार अपुरी असूनही ते आठवडेच्या आठवडे तग धरते, कारण मोठ्या बाळाचे चांगले रक्त याच वाहिन्यांतून त्याला मिळत राहते. एकटे असते तर एवढ्या वाईट डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या तपासणीवर) ते फार दिवस टिकले नसते. पण लहान बाळाचा पोटातच मृत्यू झाला, तर त्याच वाहिन्यांतून मोठ्या बाळाचे रक्त काही क्षणांत त्या मृत देहाकडे वाहून जाऊ शकते. अशा वेळी मोठे बाळही दगावण्याची शक्यता सुमारे १५ टक्के असते. ते वाचले तरी चारांतल्या साधारण एकाच्या मेंदूला इजा होते. हे सगळे इतक्या झपाट्याने घडते की, मृत्यू लक्षात आल्यानंतर घाईने प्रसूती करूनही ती इजा टाळता येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बारकाईने देखरेख ठेवून वाट पाहण्याचा होता. लहान बाळ टिकले तर दोघांनाही दिवस मिळतात. ते अचानक गेले तर मोठ्यालाही धोका.

दुसरा पर्याय लहान बाळाच्या नाळेतील रक्तप्रवाह रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे रेडिओलहरींनी उष्णता देणाऱ्या सुईने कायमचा बंद करण्याचा होता. यात लहान बाळ निश्चितपणे जाते, पण मोठ्याच्या रक्ताला त्या बाजूची वाट उरत नाही. अशा प्रक्रियेनंतर दुसरे बाळ जगण्याचे प्रमाण साधारण दहापैकी आठ मानले जाते. पाणमोट लवकर फुटण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका मात्र राहतो. दोन वारा असताना एका गर्भाला इंजेक्शन देऊन हृदय थांबवण्याची जी पद्धत आहे, ती इथे चालत नाही, कारण औषध जोडवाहिन्यांतून दुसऱ्या बाळापर्यंत पोहोचते. रेडिओफ्रिक्वेन्सीची सोय आमच्या रुग्णालयात नव्हती. मोठ्या शहरातील गर्भशल्यतज्ज्ञांशी मी त्याच संध्याकाळी फोनवर बोलले आणि चित्रे पाठवली. त्यांचे मत या पर्यायाकडे झुकलेले होते.

लेझरने जोडवाहिन्या बंद करण्याचा तिसरा पर्याय शक्य होता, पण पाणी वाढलेले नसताना दुर्बिणीला जागा कमी मिळते, आणि मोठ्याचा आधार तुटल्यावर लहान बाळ बहुधा टिकत नाही. म्हणून तो लवकरच बाजूला पडला. संपूर्ण गर्भपाताचा पर्याय आम्ही स्वतःहून पुढे केला नव्हता. तो पहिल्या बैठकीत घरच्यांकडून आला.

पहिली बैठक आणि दुसरी बैठक

पहिल्या बैठकीला ताई, त्यांचे पती, सासूबाई आणि दीर असे चौघे होते. मी आकृती काढून सगळे समजावले. प्रश्न पतीने आणि दिराने विचारले. ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. तासाभरात त्या एकदाही बोलल्या नाहीत, आणि मी त्यांना थेट एकही प्रश्न विचारला नाही. हे मला नंतर लक्षात आले.

सासूबाईंनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली अशी: “मॅडम, एवढा जीवाला घोर, त्यापरीस सगळंच मोकळं करून टाकलं तर?” आणि थोड्या वेळाने दुसरी: “दोन्ही पोरीच हायत का?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देता येत नाही. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशाच्या आधी सहा वर्षे केला आणि १९९४ मध्ये तो देशपातळीवर आला. आम्ही तसे सांगितले, आणि त्यासोबत एक वैद्यकीय वस्तुस्थितीही सांगितली: एकाच बीजाची जुळी असल्यामुळे दोघांचे लिंग एकच असते, त्यामुळे ‘कोणते ठेवायचे’ या प्रश्नात लिंगाला जागाच नाही. पण प्रश्नाची सावली दुसरीकडे पडलेली होती. पहिली मुलगी असलेल्या घरात ‘सगळंच मोकळं करा’ हा सल्ला निव्वळ काळजीपोटी आला, की न मिळणाऱ्या उत्तराचा अंदाज बांधून आला, हे त्या खोलीत बसून ठरवणे शक्य नव्हते. सासूबाईंच्या डोळ्यांत काळजीही खरी होती, आणि त्यांच्याविषयी घाईने मत बनवणे अन्यायाचे झाले असते. लेखात लिंग न लिहिण्याचे कारणही हेच. ते लिहिले की वाचणारा प्रत्येक निर्णयाचा अर्थ त्या एका शब्दावरून लावू लागतो.

त्या रात्री मला अस्वस्थ वाटत राहिले. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती मागतो. पतीची किंवा सासूची सही लागत नाही. कायद्यात ज्या बाईचा शब्द अखेरचा, तिचा पहिला शब्दही आम्ही ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशक बाई आणि मी ताईंशी एकट्याने बोललो. समुपदेशक त्यांच्याच भागातल्या होत्या, त्यामुळे बोलणे सहज सुरू झाले. घरून कोणी जबरदस्ती करत आहे का, असे विचारल्यावर त्यांनी मान हलवून नाही म्हटले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, “मॅडम, एकाला संपवा असं माझ्या तोंडानं म्हणायला लावू नका. त्याचं त्यानं जायचं असेल तर जाईल. पण त्याच्यापायी दुसऱ्याचं डोकं खराब व्हायला नको. तेवढं तुम्ही बघा.”

वैद्यकीय दृष्टीने या दोन वाक्यांचा मेळ बसत नव्हता. पहिले मान्य केले तर दुसऱ्याची हमी देता येत नव्हती, आणि दुसऱ्याची खात्री हवी तर पहिले सोडावे लागत होते. मी ते त्यांना तसेच सांगितले. त्या वेळी माझा स्वतःचा कल शहरातील तज्ज्ञांच्या मताकडे होता, आणि समजावताना माझ्या आवाजात तो उतरला असणार. समुपदेशक बाईंनी नंतर मला सांगितले की, वाट पाहण्याच्या पर्यायातले धोके मी आकड्यांनी सांगितले आणि सुईच्या पर्यायातले धोके नुसत्या शब्दांनी. हे ऐकून मी दोन्ही पर्यायांचे आकडे एका कागदावर शेजारीशेजारी लिहून ताईंना पुन्हा समजावले. पतीला आत बोलावण्याची इच्छा त्यांनी स्वतः व्यक्त केली. दोघे मिळून वाट पाहण्यावर आले, एका अटीवर: मोठे बाळ बाहेर जगू शकेल असा टप्पा आला आणि लहानाची स्थिती बिघडू लागली, तर थांबायचे नाही.

चोविसाव्या आठवड्याची रेषा

निर्णय झाला तरी तो एकदाच विचारून मोकळे होण्यासारखा नव्हता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक प्रवर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. पण ही शब्दरचना संपूर्ण गर्भारपण संपवण्याचा विचार करून केलेली आहे. एका गर्भाचा प्रवाह थांबवून दुसऱ्याचे गर्भारपण चालू ठेवायचे, आणि थांबवायचा तो गर्भ व्यंग नसलेला, फक्त उपाशी, अशी स्थिती तिच्यात सरळ बसत नाही. २४ आठवड्यांनंतर ती वाट अतिशय अरुंद होणार, हे ताईंना आधी कळायला हवे होते.

म्हणून २३ आठवडे ३ दिवसांना आम्ही पुन्हा बसलो. लहान बाळ ३५० ग्रॅमच्या आसपास पोहोचले होते, डॉपलर तसेच होते, अधिक बिघडलेले नव्हते. ताईंचा निर्णय बदलला नाही. त्यांनी एकच विचारले, “आता नाही म्हटलं तर तुम्ही नंतर बघणार नाही का?” हा प्रश्न मला आजही महत्त्वाचा वाटतो. आम्ही मुदतीचा उल्लेख ज्या पद्धतीने केला, त्यातून त्यांनी असा अर्थ घेतला होता की, डॉक्टरांचे न ऐकणाऱ्या बाईला पुढे सोडून दिले जाते. देखरेख शेवटपर्यंत होईल, हे त्यांच्या पतीसमोर स्पष्ट शब्दांत सांगावे लागले.

देखरेखीचे आठवडे

चोविसाव्या आठवड्यापासून ताई रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहायला आल्या. आठवड्यातून दोनदा डॉपलर होत असे. चार वर्षांची मुलगी गावी आजीकडे राहिली आणि या काळात तिला आईची फक्त मोबाइलवरची भेट मिळाली. पतीने दोन म्हशी विकल्या. रुग्णालयात उपचारांचे पैसे लागत नव्हते, पण राहणे, जेवण, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कोणत्याही योजनेत येत नाही.

सव्विसाव्या आठवड्यात नवजात विभागाचे डॉक्टर पहिल्यांदा ताईंना भेटले. लहान बाळ तेव्हा ४९० ग्रॅमचे आणि मोठे ८६० ग्रॅमचे होते. या भेटीत मोठ्या बाळाविषयी भरपूर बोलणे झाले: काचेत किती दिवस ठेवावे लागेल, श्वासाचे यंत्र, डोळ्यांची तपासणी. लहान बाळाविषयी ‘बघू, जन्मल्यावर ठरवू’ एवढेच झाले.

प्रसूतीचा निर्णय

२७ आठवडे १ दिवसाला लहान बाळाच्या डक्टस व्हेनोसस या शिरेतील प्रवाहाचा रोध वाढलेला दिसला. हृदयावर ताण येऊ लागल्याची ही खूण. त्याच दिवशी ताईंना दाखल करून बाळांची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून बीटामेथासोन या स्टेरॉइडचे १२ मिलिग्रॅमचे पहिले इंजेक्शन दिले आणि चोवीस तासांनी दुसरे. २७ आठवडे ५ दिवसांना त्या शिरेतला प्रवाह हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावताना उलटा वाहू लागला. याचा अर्थ लहान बाळाकडे तास किंवा फार तर काही दिवस उरले होते.

विभागात एकमत नव्हते. एका वरिष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे की, मोठे बाळ निरोगी आहे. त्याला अठ्ठावीस आठवडेही पुरे न होता बाहेर काढणे म्हणजे भावंडाच्या आजाराची शिक्षा त्याला देणे. नवजात विभागाचे म्हणणे असे की, स्टेरॉइड मिळालेले एक किलोचे बाळ ते सांभाळू शकतात, पण रक्त गमावून मेंदूला इजा झालेल्या बाळासाठी त्यांच्याकडे उपाय नाही. दोन्ही म्हणणी खरी होती. तिसरी बाजू ताईंची, आणि ती बैठकीत सर्वांत शेवटी आली: या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो, छेद उभा घ्यावा लागू शकतो आणि तसे झाल्यास पुढच्या प्रत्येक गर्भारपणात व्रण फाटण्याचा धोका राहतो. दोन बाळांचे हित तोलताना तिसरे शरीर हिशेबाबाहेर राहते, हे मी याआधीही पाहिले आहे.

आम्ही ताईंकडे गेलो. त्यांनी आपल्या अटीची आठवण करून दिली. उभ्या छेदाचा अर्थ समजून घेतला आणि संमती दिली. बाळांच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले आणि २७ आठवडे ६ दिवसांना, कमरेत भूल देऊन, सिझेरियन झाले. छेद उभाच घ्यावा लागला.

परिणाम

मोठे बाळ १,०२० ग्रॅमचे, लहान बाळ ५४० ग्रॅमचे. दोघेही जन्मताच हलके रडले. लहान बाळाच्या त्या रडण्याने सगळ्यांचीच तयारी मोडून पडली. कोणताही लेखी बेत नसल्यामुळे त्याच्या श्वासनलिकेत नळी घालण्यात आली आणि ते यंत्रावर गेले.

दहाव्या दिवशी लहान बाळाच्या आतड्याला संसर्ग होऊन आतडे फुटले. एवढ्या वजनाच्या बाळावर शस्त्रक्रिया करून ते वाचण्याची आशा अत्यल्प असल्याचे नवजात विभागाने आईवडिलांना सांगितले. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला. वेदनाशामक चालू ठेवले. अकराव्या दिवशी दुपारी परिचारिकांनी बाळाला मऊ दुपट्यात गुंडाळून ताईंच्या मांडीवर दिले. ते सुमारे दोन तास जगले.

मोठ्या बाळाला एकदा सर्फॅक्टंट (फुप्फुसे उघडी राहायला मदत करणारे औषध) आणि नऊ दिवस नाकावाटे दाबाने हवा द्यावी लागली. मेंदूच्या सोनोग्राफीत मोठा रक्तस्राव किंवा इजा दिसली नाही. तिसऱ्या आठवड्यात सुरू केलेल्या नेत्रतपासणीत पुढे दृष्टिपटलाचा विकार आढळला आणि त्यावर लेझर करावे लागले. ५८ व्या दिवशी १,७८० ग्रॅम वजनावर बाळ घरी गेले. अपुऱ्या दिवसांची वजावट करून मोजलेल्या दीड वर्षाच्या वयात ते धरून चालते, पाच-सहा शब्द बोलते, ऐकणे उत्तम आहे. डाव्या पायात थोडा ताठरपणा असून व्यायामोपचार चालू आहेत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा तोटा आमच्याकडे येण्याआधी झाला, आणि त्याला महागडे यंत्र नको होते. बाराव्या आठवड्याच्या अहवालात ‘वार एक’ हे दोन शब्द असते, तर सोळाव्या आणि अठराव्या आठवड्याला ताई कोणाच्या तरी नजरेखाली असत्या. तफावत तेव्हाच दिसली असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण दिसली असती, तर ताईंना विचार करायला तीनऐवजी आठ आठवडे मिळाले असते आणि शहरातील तज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटून येण्याइतकी सवड राहिली असती. फोनवरचे मत माझ्या तोंडून ऐकणे आणि ती प्रक्रिया करणाऱ्याकडून समजून घेणे यांत अंतर आहे. त्यांचा निर्णय कदाचित तोच राहिला असता. तो अधिक माहितीनिशी झाला असता. आता आमच्याकडे जुळ्यांची नोंद होताच माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत ‘वार एक’ किंवा ‘वारा दोन’ लिहिले जाते. तालुक्यातून आलेल्या फिल्मवर खूण दिसली तर आम्ही पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून कळवतो. दोष दाखवण्यासाठी हा फोन नसतो, पुढच्या जुळ्यांच्या वेळी ती ओळ लिहिली जावी यासाठी असतो.

आईशी एकट्याने बोलणे पहिल्या दिवशीच, कुटुंबाच्या बैठकीच्या आधी व्हायला हवे होते. हे क्रमाचे साधे काम आहे, पण ज्या घरात बोलण्याचा क्रम ठरलेला असतो तिथे आमचा क्रम वेगळा ठेवावा लागतो. आधी कुटुंबाला सांगितल्यावर ताईंसमोर जे पर्याय आले, त्यांवर आधीच कोणाचे ना कोणाचे मत चिकटलेले होते.

माझ्या कलाविषयी मी वर लिहिले आहे. मार्गदर्शन करताना डॉक्टरने मत सांगूच नये, असे मी मानत नाही. ताईंनी विचारले असते तर मी सांगितले असते. चूक अशी झाली की, मत म्हणून न सांगता मी ते माहितीच्या मांडणीत मिसळले. आता पर्यायांचा कागद समुपदेशक आणि डॉक्टर दोघे मिळून तयार करतात, आणि दोन्ही बाजूंचे धोके एकाच मापात लिहितात.

लहान बाळाविषयीची चर्चा आम्ही टाळली, हे मला सर्वांत जास्त बोचते. नवजात विभागाची भेट सव्विसाव्याऐवजी बाविसाव्या आठवड्यात ठेवता आली असती. जन्मताना त्याच्यासाठी काय करायचे, काय करायचे नाही, आणि नुसते उबेत आईजवळ ठेवण्याचा पर्यायही आहे, हे शांतपणे बोलता आले असते. कदाचित ताईंनी नळी घालायलाच सांगितले असते. तरीही त्या अकरा दिवसांतले किती दिवस आईच्या कुशीत जायला हवे होते, हे शस्त्रक्रियागृहातल्या घाईने ठरवले.

सत्ताविसाव्या आठवड्यात प्रसूती केली तो निर्णय मात्र आज पुन्हा तोलून पाहिला तरी मला बदलावासा वाटत नाही. मोठ्या बाळाला डोळ्यांचा विकार आणि पायातला ताठरपणा या दोन्ही गोष्टी अपुऱ्या दिवसांमुळे मिळाल्या, हे खरे आहे. पण उलट्या प्रवाहानंतर थांबणे म्हणजे ताईंनी स्पष्टपणे नाकारलेला धोका त्यांच्या परवानगीविना पत्करणे होते. वरिष्ठ सहकाऱ्यांचे मत अजूनही वेगळे आहे. ते म्हणतात की, आणखी तीन-चार दिवस मिळाले असते. आमची ही चर्चा विभागाच्या बैठकीत दोनदा झाली आणि दोन्ही मते इतिवृत्तात नोंदवली आहेत.

पुढील भेट

बाळाच्या दीड वर्षाच्या तपासणीला ताई पतीसोबत आल्या, तेव्हा मोठी मुलगीही बरोबर होती. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पुन्हा मूल होऊ द्यायचे की नाही हे अजून ठरलेले नव्हते, पण झालेच तर उभ्या व्रणाचे काय, हे त्यांना नीट समजून घ्यायचे होते. कळा सुरू होण्याची वाट न पाहता ठरवून सिझेरियन करावे लागेल, पोटात दुखले तर गावात न थांबता यावे लागेल, आणि या प्रसूतीची चिठ्ठी कायम जवळ ठेवावी लागेल, हे आम्ही सांगितले आणि मराठीत लिहूनही दिले. गर्भनिरोधक साधन वापरण्याविषयी बोलणे या वेळी दोघांशी, पण आधी ताईंशी झाले.

दुसरी मागणी कागदांची होती. एकविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतले, दोघेही एकाच चौकटीत दिसणारे चित्र त्यांना हवे होते. नोंदीतून त्याची प्रत काढून दिली. ताईंनी ती बाराव्या आठवड्याच्या फिल्मसोबत त्याच जुन्या पिशवीत ठेवली.